इंग्रजी चामड्याचा वास

माझा मावसभाऊ गोपाळ याच्या नीरजाला सुलतानपूरकडचं स्थळ सांगून आलं आणि मुलाचं घर पाहायला जायचं ठरलं. आमच्याकडे या कामाला एक पांढऱ्या केसांचं माणूस बरोबर न्यावं लागतं. घर सगळ्यांनाच दिसतं, त्या घरातली माणसं म्हाताऱ्यांना दिसतात, असा समज आहे. गोपाळच्या नात्यात केस आणि दृष्टी दोन्ही शिल्लक असलेला म्हातारा मी एकटाच, तेव्हा नाइलाजाने त्याने मला घेतलं.

नाइलाजाने अशासाठी, की माझी हयात एका साप्ताहिकात लोकांच्या खोड्या काढण्यात गेली. आता मी निवृत्त आहे, म्हणजे खोड्या फुकट काढतो. गोपाळ सरकारी कचेरीत कारकून होता. सबंध नोकरीत त्याने कोणाची खोडी तर सोडाच, साहेबाच्या टेबलावरची टाचणीसुद्धा हलवली नाही. निघण्याआधी त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की आप्पा, तुम्ही नुसतं बसा. विचारलं तर छान म्हणा, नाही विचारलं तरी छानच म्हणा. मी म्हटलं, छान.

गाडी युसूफभाईंची होती. युसूफभाई मेहकरचे आडते, गोपाळचे शाळेपासूनचे मित्र, आणि स्थळही त्यांनीच आणलेलं. हिंदूंच्या सोयरिकीत मुसलमान मध्यस्थ कसा, असं पुण्याकडच्या माणसाला वाटेल. आमच्याकडे ज्याने दोन्ही घरचा चहा प्यालेला असतो तो मध्यस्थ. ते गाडी चालवत होते आणि त्यांच्या दोन्ही कानांत अत्तराचे फाये होते. शुभकामाला निघताना ते एका कानात फाया घालतात. काम अवघड असेल तर दोन्ही कानांत.

नीरजा जानेफळला जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर आहे. मुलीने स्वतः घर पाहायला जाण्याची पद्धत नाही, पण तिने आईला सांगून टाकलं होतं की मीही येणार. मुलगा श्रेयस. पुण्यात शिकून आलेला. दोघं बुलढाण्याला दोनदा भेटली होती, आणि फोन तर रोजचाच. मुलगा तिला आवडला होता. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, पण त्याचं नाव निघालं की ती घाईघाईने म्हशींबद्दल बोलायला लागायची.

मी मागच्या सीटवर तिच्या शेजारी होतो. मेहकर सुटल्यावर ती हळूच म्हणाली, "आप्पाकाका, फोनवर तर चांगला आहे. पण फोनवर त्याचा बाप नसतो. बापासमोर कसा आहे, तेवढं पाहाचं मले."

"आणि नसला चांगला तर?"

"तर नाही," ती म्हणाली, आणि एका म्हशीच्या अवघडलेल्या बाळंतपणाची हकीकत सांगायला लागली.

मुलाचे वडील भगवंतराव. त्यांचं पूर्वी मास्तर तयार करायचं कॉलेज होतं. त्या कॉलेजातून इतके मास्तर बाहेर पडले, की शेवटी त्यांना शिकवायला मुलं उरली नाहीत आणि कॉलेज बंद पडलं. तेव्हा भगवंतरावांनी वर्गांमधल्या भिंती पाडल्या, खाली लाल गालिचा टाकला, आणि मुंबईपासून हैदराबादपर्यंत फिरून जुन्या राजेशाही मोटारी आणून उभ्या केल्या. लोणारचं सरोवर पाहायला जाणारे लोक वाटेत थांबतात. फाटकावर सिमेंटचे दोन हत्ती आहेत. एकाची सोंड तुटली आहे आणि आतली सळई बाहेर आली आहे, तिच्यावर कोणीतरी आपला रुमाल वाळत घातला होता. वर पाटी, राजवैभव मोटार संग्रहालय.

आम्हाला वाटलं, जाता जाता हे दाखवतील आणि मग घरी नेतील. भगवंतराव फाटकातच उभे होते. अंगावर बंद गळ्याचा कोट, केसांना आणि मिशीला एकाच डब्यातला काळा रंग. रंग लावताना घाई झाली असावी, कारण थोडा कानाच्या पाळीवरही होता. त्यांच्या हातात एक चांदीची जुनी किल्ली होती. बोलताना ती त्यांनी कानात घातली, दोनदा फिरवली, बाहेर काढून टोक पाहिलं, आणि "ही आमच्या महाराणीची किल्ली, धरून तर बघा वजन," असं म्हणून गोपाळच्या तळहातावर ठेवली. गोपाळने ती प्रसाद घ्यावा तशी दोन्ही हातांनी घेतली.

शारदावहिनींनी, म्हणजे गोपाळच्या बायकोने, फक्त दोनच गोष्टी विचारल्या. घर कुठं आहे आणि श्रेयसच्या आई कुठं आहेत. घर पाहायला आलेल्या बाईने स्वयंपाकघरात डोकावायचं असतं, पाणी कुठून भरतात ते पाहायचं असतं आणि मुलाच्या आईशी दोन शब्द बोलायचे असतात. भगवंतराव म्हणाले, कौशल्याचे गुडघे दुखतात, ती मागे घरीच आहे, तिचं काय बघायचं. घर काय, घर तर सगळ्यांकडेच असतं. हे बघा, हे कोणाकडे आहे?

खरंच कोणाकडे नव्हतं.

आत जायचं तर चपला काढायच्या आणि पायांत कापडी पिशव्या घालायच्या, गालिचा खराब होऊ नये म्हणून. पिशव्या एका टोपलीत होत्या. आधीचे पाहुणे नुकतेच बाहेर पडले होते आणि त्यांच्या पायांची ऊब पिशव्यांत अजून होती. माझ्या डाव्या पिशवीत उबेबरोबर थोडी ओलही होती. ती कोणाची असावी याचा विचार मनात येऊ द्यायचा नाही असं मी ठरवलं आणि पुढचा सगळा वेळ तोच विचार केला.

श्रेयस तिथेच उभा होता. खरोखर चांगला मुलगा, दिसायला सरळ, बोलायला नम्र. वाकून माझ्या पाया पडला आणि माझ्या पायांतल्या पिशव्यांना त्याचा हात लागला, याचं मलाच वाईट वाटलं. नीरजाकडे पाहून तो हसला. तीही हसली. इतकं स्वच्छ त्या इमारतीत नंतर मला काही दिसलं नाही.

मग सगळं पाहणं सुरू झालं. माहिती सांगायला रुपाली नावाची मुलगी होती, जांभळी पैठणी आणि नाकात नथ, हातात मोगऱ्याच्या वासाचा फवारा. ती एक मोटार दाखवायची, चार वाक्यं बोलायची, आणि फुस्स करून फवारा मारायची. मोटारी सुंदर असतील. मला त्यातलं कळत नाही. पण प्रत्येकीच्या बॉनेटवर दसऱ्याचं हळदकुंकू तसंच होतं, त्यावर तेलाचा थर आणि थरात चिकटलेल्या माशा. भगवंतराव खिशातून रुमाल काढून दर मोटारीचं नाक पुसायचे, त्याच रुमालाने आपली मान पुसायचे, आणि पुढच्या मोटारीकडे वळायचे. तीन-चार मोटारींनंतर रुमाल कोणाला पुसतो आहे आणि कोणाला माखतो आहे हे सांगणं अवघड झालं.

मोटारींत आणि आजूबाजूला पुतळे उभे केले होते, महाराजा, राणी, गोरा साहेब, मडम. हे पुतळे एका बंद पडलेल्या साडीच्या दुकानातून आणलेले. महाराजाच्या ओठावर पेनाने मिशी काढली होती. मडमेच्या टोपीखालून साडीच्या दुकानातलं हसू तसंच चालू होतं, आणि पदर दाखवायला म्हणून उचललेला तिचा हात आता गोऱ्या साहेबाच्या नाकासमोर होता. भिंतींवरचे फळे भगवंतरावांनी काढले नव्हते. एका फळ्यावर सुबक अक्षरात 'आदर्श शिक्षकाचे गुण' असा मथळा अजून होता. खालचे गुण पुसले गेले होते आणि समोर एक हिरवी ब्यूक उभी होती.

भगवंतराव प्रत्येक मोटारीपाशी आपल्या घराण्याबद्दल बोलत होते. त्यांच्या आजोबांना म्हणे मोटारीशिवाय झोप येत नसे. दरवाजापाशी त्या आजोबांचं मोठं तैलचित्र होतं, फेटा, तुरा, गळ्यात मोत्यांच्या माळा. युसूफभाई माझ्या कानाशी आले. "आप्पासाहेब, याच्या आज्याले मी लहानपणी पाह्यलं हाये. एक दमणी होती बैलाची, तिचेबी बैल शेजाऱ्याचे." हे सांगून ते मोठ्याने म्हणाले, "वा, काय रुबाब आहे." आडत्याला धंदा असतो, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

गोपाळ तर सगळ्याला छान म्हणत होता. मोटारीला छान, पुतळ्याला छान, अग्निशमनाच्या लाल सिलिंडरलाही एकदा छान. मी त्याला कोपर मारलं तर मलाही छान म्हणाला.

वास मला पहिल्यांदा आला तो ब्यूकच्या पुढे. आधी वाटलं, माझी डावी पिशवी. मग वाटलं, मोगरा शिळा झाला. पण जसजसे आम्ही हॉलच्या शेवटाकडे जात होतो तसतसा तो वास पुढे होऊन आम्हाला घ्यायला येत होता. गोडसर, जाड, जिभेवर बसणारा. ज्याच्या घरात कपाटामागे उंदीर मेला आहे त्याला तो सांगावा लागत नाही. मोगऱ्याने त्याला झाकलं नव्हतं, सजवलं होतं.

हॉलच्या टोकाला महाराणी उभी होती. लांबलचक पिवळी बंद मोटार, इंग्लंडची, मागे सोफ्यासारखी सीट, मध्ये घडी उघडून बसायच्या दोन खुर्च्या, पुढे ड्रायव्हरची जागा, खिडक्यांना जाळीचे पडदे. भगवंतरावांनी दार उघडलं आणि वास आतून उठून उभा राहिला.

रुपालीने पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "आपल्याला जो विशिष्ट सुगंध येतो आहे, तो अस्सल इंग्रजी चामड्याचा असून तो आजच्या गाड्यांमध्ये आढळत नाही."

"आढळत नाही," भगवंतराव म्हणाले. "पैसे देऊन मिळत नाही. मंगळवारी एक मोठे साहेब येऊन गेले. त्यांनी दोनदा वास घेतला. म्हणाले, भगवंतराव, हा वास आता राहिला नाही."

त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि आमच्याकडे पाहत राहिले. आमचीही पाळी होती. युसूफभाईंनी डोळे मिटून "सुभानल्ला" म्हटलं, आणि डोळे उघडण्याआधी उजव्या कानातला फाया काढून नाकात सारला. माझ्याकडे पाहून त्यांनी डाव्या कानाकडे बोट केलं, हवा का, अशा अर्थी. मी मानेनेच नको म्हटलं. दुसऱ्याच्या कानातलं अत्तर नाकात घालण्याइतका माझा धीर नव्हता, आणि न घालण्याइतकंही नाक राहिलं नव्हतं. गोपाळ म्हणाला, छान. शारदावहिनींनी पदर तोंडाशी नेला, पण तो थोरांसमोर घेतात तसा घेतला, म्हणून भगवंतरावांना बरंच वाटलं.

रुपाली फवारा मारायला वाकली तेव्हा माझ्याजवळ होती. मी हळूच विचारलं, बाई, हे कधीपासून. ती ओठ न हलवता म्हणाली की सर, मी सोमवारीच सांगितलं होतं, सीट उचलून पाहा म्हणून. साहेब म्हणाले जुना माल असाच वास मारतो, आणि मंगळवारचे साहेब छान म्हणून गेले तेव्हापासून ते वाक्य पाठ करायला दिलं.

मी श्रेयसकडे पाहिलं. त्याचे डोळे लाल झाले होते आणि तो तोंडाने श्वास घेत होता. मनात म्हटलं, चला, नाक तरी आहे.

यापुढे भगवंतरावांनी जे केलं ते त्यांना खास सुचलेलं होतं, त्यासाठी त्यांनी फोटोग्राफरही बोलावून ठेवला होता. पेढे याच मोटारीत बसून खायचे.

इथे पेढ्याचं सांगायला हवं. आमच्या नात्यागोत्यात मुलाचं घर पाहायला गेलेला मुलीचा बाप तिथे पाणी पिऊ शकतो, चहा पिऊ शकतो, फार आग्रह झाला तर चिवड्याचे चार दाणे टाकू शकतो. गोड खाऊ शकत नाही. मुलीकडच्या कोणीही गोड खाल्लं की सोयरीक पक्की. मग साखरपुडा, याद्या, सगळे नुसते सोपस्कार. त्यामुळे घर पाहायला गेलेले बाप पेढ्याच्या ताटाकडे सापाकडे पाहावं तसे पाहतात. मनात होकार असेल तर आधी बायकोकडे, मग बरोबरच्या म्हाताऱ्याकडे बघतात, आणि मगच हात पुढे करतात. बापाने खाल्लेला पेढा परत घेता येत नाही. घेतल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

आम्ही आत बसलो. मागे गोपाळ, शारदावहिनी आणि नीरजा. घडीच्या खुर्च्यांवर त्यांच्याकडे तोंड करून मी आणि श्रेयस. पुढे स्टिअरिंगमागे भगवंतराव, शेजारी नाकात फाया घातलेले युसूफभाई. फोटोत आतला थाट नीट यावा म्हणून भगवंतरावांनी दारं लावून घेतली आणि काचा वर केल्या, फक्त गोपाळच्या बाजूची एक उघडी ठेवली. फोटोग्राफर तिथून डोकं आत घालून फोटो घेणार होता, म्हणजे ती खिडकीही त्याच्या डोक्याने बंद झाली.

आत काय होतं हे लिहायला मला शब्द आहेत, पण आपण जेवून बसला असाल. एवढंच सांगतो की मी बसलेली खुर्ची थोडी दबली तेव्हा खालून काहीतरी हललं नाही, आणि ते न हलणं मला जाणवलं. मोगरा आणि ते, दोन्ही मिळून घशात उतरत होते. माझ्या समोर चामड्यावर अंथरलेल्या मखमलीवर जरीची फुलं होती, आणि मी ती एकामागून एक पाहत होतो, कारण डोळे मिटले की वास वाढायचा.

रुपालीने फोटोग्राफरचं डोकं क्षणभर बाजूला करून पेढ्यांचं ताट त्याच खिडकीतून आत दिलं, ते हातोहात पुढे गेलं. ते भगवंतरावांनी घेतलं. पेढे त्यांनी स्वतः निवडले. ज्या बोटांनी किल्ली कानात फिरवली होती त्याच बोटांनी एकेक पेढा उचलून, चारी बाजूंनी दाबून, त्यातला चांगला कोणता ते ठरवून, त्यांनी मागे वळून आमच्या हातांवर ठेवले. मला दिला तेव्हा मी मधुमेह सांगितला. मधुमेह हा एकच आजार असा आहे जो माणसाच्या वेळेला धावून येतो.

"गोपाळराव," भगवंतराव म्हणाले, "करा तोंड गोड. महाराणीत बसून सोयरीक झाली असं आपल्या जिल्ह्यात कोणाचं नसेल."

गोपाळने बायकोकडे पाहायला हवं होतं. माझ्याकडे पाहायला हवं होतं. पण फोटोग्राफर म्हणाला, "सर, पेढा तोंडात घाला, आणि असेच राहा," आणि गोपाळला आयुष्यभर कोणी 'असेच राहा' म्हटलं की तो तसाच राहत आला होता. त्याने पेढा तोंडात घातला. अख्खा. गाल फुगवून तो कॅमेऱ्याकडे बघत राहिला.

नीरजा श्रेयसच्या अगदी समोर होती. दोघांचे गुडघे जवळजवळ लागत होते. ती आवाज न चढवता म्हणाली, "श्रेयस, तुम्हाला वास येतोय का?"



"कसला?" श्रेयस म्हणाला.

"कसला ते मी सांगितलं नाही. येतोय का, एवढंच विचारलं."

स्टिअरिंगच्या वर एक छोटा आरसा होता. मान वळवली की त्या आरशात भगवंतरावांचे डोळे दिसत होते. श्रेयसने वळून त्या आरशाकडे पाहिलं. मी त्याच्या अगदी शेजारी होतो, त्याच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. माझी इच्छा होती की त्याने हो म्हणावं. आपल्या घरातलं कोणी परीक्षेला बसावं तशी मी आतून बोटं आवळून ठेवली होती. पोरगं एक अक्षर बोललं असतं तर मी तो पेढा मधुमेहासकट खाल्ला असता.

"लेदर आहे," तो म्हणाला. "जुन्या गाड्यांना असतो."

"मी रोज जनावरं हाताळते," नीरजा म्हणाली. "हे तीन-चार दिवसांचं आहे. त्याचं मला काहीच नाही. उंदीर काय, कोणाच्याही घरात मरतो. उचलायचा आणि टाकून द्यायचा, मी आत्ता उचलून देते. तुम्हाला वास येतोय की नाही, तेवढं सांगा."

भगवंतराव पुढूनच हसले. डॉक्टरीणबाईंना सगळीकडे जनावरच दिसतं, असं काहीसं म्हणाले. हसताना त्यांनी आरशातली नजर मात्र काढली नाही.

श्रेयसच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते दुःखाचं नव्हतं, वासाचं होतं. ते पुसत तो म्हणाला, "मला तर... विशेष काही येत नाही."

नीरजाने मान हलवली. फार सावकाश, औषध लागू पडलं नाही हे कळल्यावर हलवतात तशी. मग तिने वडिलांच्या मनगटावर हात ठेवला.

"बाबा, तो पेढा गिळू नका."

आमच्या जिल्ह्यातल्या कोणालाही या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नसता. भगवंतराव गर्रकन मागे वळले. युसूफभाईंच्या नाकातला फाया खाली पडला. फोटोग्राफरने डोकं बाहेर काढायचा प्रयत्न केला, ते निघेना. गोपाळ फुगलेल्या गालांनी मुलीकडे, मग भगवंतरावांकडे, मग माझ्याकडे पाहत राहिला. त्याच्या गळ्याची घाटी वर जात होती आणि खाली येत नव्हती.

गोपाळ कसा आहे हे मला लहानपणापासून माहीत आहे. त्याने आयुष्यात काय काय गिळलं आहे त्याची यादी केली तर ताट पुरणार नाही. साहेबांचे टोमणे गिळले, बढती दुसऱ्याला गेली ती गिळली, एकदा कचेरीच्या सहलीत खराब झालेलं मटण सगळ्यांनी टाकून दिलं तेव्हा यजमानाला वाईट वाटेल म्हणून यानेच ते संपवलं होतं आणि नंतर दवाखान्यात होता. पेढा तोंडात विरघळत चालला होता. मी काही बोलू शकलो असतो. पण मला बोलायची मनाई होती, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती की मी तोंड उघडलं तर वास आत जाईल.

दाराच्या आतल्या बाजूला, गोपाळच्या कोपराशी, चांदीचा एक नक्षीदार ॲशट्रे होता. झाकणावर सिंह. गोपाळने हळूच, कोणाचा अपमान होऊ नये अशा बेताने, ते झाकण उचललं. खाली वाकला. आणि त्या मोटारीत, मखमलीवर बसून, मुलाच्या बापाच्या डोळ्यांदेखत त्याने पेढा थुंकला. एकदा थुंकला, आणि मग त्याच्या पोटाला बहुतेक वाटलं की आता बोलायची परवानगी मिळाली आहे, कारण सकाळचे पोहेही त्यामागून आले. ॲशट्रे लहान होता. सिंह त्यात बुडाला.

फोटोग्राफरचं बोट नेमकं तेव्हा दाबलं गेलं.

भगवंतराव दिवसभर मोठ्या कष्टाने पुण्याची भाषा बोलत होते. ती आता संपली. "अबे, तो ॲशट्रे ओरिजनल हाये," ते म्हणाले. "लंडनचा हाये तो. काऊन थुकला बे त्याच्यात?"

सोयरीक मोडली याचं त्यांना काही वाटलं की नाही, सांगता येणार नाही. ते दार उघडून धावत मागच्या बाजूला आले, फोटोग्राफरला खिडकीतून उपटलं, गोपाळला बाहेर ओढलं, आणि तोच रुमाल काढून सिंह पुसायला लागले. आम्ही एकामागून एक उतरलो. मोकळ्या हवेत आल्यावर कळलं की ती हवा मोकळी नव्हती, मोगऱ्याची होती, पण त्या क्षणी तीही पुरली. युसूफभाई भगवंतरावांना काहीतरी समजावत होते, हंगाम, भाव, आपले जुने संबंध. भगवंतराव ऐकत नव्हते. ते सिंहाच्या आयाळीतून पोहा काढत होते.

पायांतल्या पिशव्या मी गालिच्यावरच सोडल्या.

फाटकाच्या बाहेर युसूफभाईंच्या गाडीपाशी आम्ही पोचलो तेव्हा श्रेयस मागून आला. अनवाणी पायांनी धावत. थोडा वेळ श्वास घेत उभा राहिला आणि मग नीरजाला म्हणाला, "येतोय मला वास. सोमवारपासून येतोय. मला दोनदा उलटीसुद्धा झाली."

"मला माहीत आहे," नीरजा म्हणाली.

"मग?"

"इथं बाहेर तर सगळ्यांनाच येतो."

आतून भगवंतरावांनी हाक मारली, "श्रेयस, ब्रश आण रे, दाताचा." तो वळला. एक पाऊल टाकून थांबला, मला वाटलं आता परत येईल. पण त्याने फक्त विचारलं की तुम्हाला पाणी देऊ का प्यायला. नीरजा नको म्हणाली. तो गेला, आणि जाताना धावतच गेला.

गाडी सुरू झाली. सगळ्या काचा खाली होत्या. बाजूला सोयाबीन काढलेली रानं होती, वारा आत येत होता, तरी कोणी खोल श्वास घ्यायला धजत नव्हतं. नीरजा माझ्या शेजारी होती. म्हशींबद्दल ती काही बोलली नाही. मी तिच्याकडे बघायचं टाळलं, आणि तिने माझा हात धरला तेव्हाही बाहेरच बघत राहिलो.

पुढच्या सीटवर गोपाळ पाण्याच्या बाटलीने पुन्हा पुन्हा चुळा भरून खिडकीबाहेर टाकत होता. मध्येच म्हणाला, "फार वाईट दिसलं का रे आप्पा?" सबंध आयुष्यात तो मला पहिल्यांदाच अरे म्हणाला.

"छान दिसलं," मी म्हटलं.

युसूफभाई मात्र चिंतेत होते. दोन घरांचा मामला होता आणि पुढे कोणी काही बोललं तर उत्तर त्यांनाच द्यावं लागणार होतं. पेढा तोंडात गेला होता, हे खरं, पण पोटात गेला नव्हता, हेही खरं, आणि फोटोही आहे, म्हणजे पुरावा पक्का, असं ते स्वतःशीच जुळवत होते. शेवटी त्यांनी निकाल दिला. "गिळला नाई त झाली नाई सोयरीक. मुलीकडच्या कोनंच पेढा खाल्ला नाई. मी हाये ना साक्षीले."

शारदावहिनी सकाळपासून जवळजवळ गप्प होत्या. त्यांनी पदराने ओठांचे कोपरे टिपले.

"मी खाल्ला की," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या आधीच. माझ्याकडं कोणी पाह्यलं कुठं?"